ओल्ड गोवा: व्हाइसरॉयचा राजदंड आणि संताचा हात

बॉम जिझस चर्चमध्ये सगळी गर्दी सेंट झेवियरचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीपाशी, माना वर करून फोटो काढायला. मला मात्र तिथे उभं राहून १६८३ आठवत होतं. संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला, गोवा आता हातचा जातोय अशी वेळ आली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याच चर्चमध्ये आला, शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संताच्या हातात ठेवला, म्हणजे आता राज्य तुम्हीच सांभाळा! नंतर मुघल फौज कोकणात उतरली म्हणून मराठे मागे फिरले, पण श्रेय झेवियरला मिळालं. आणि पुढच्याच वर्षी याच व्हाइसरॉयने कोंकणीवर बंदीचा हुकूम काढला, तोही फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या मागणीवरून.

इथे सरकार कुठे संपतं आणि चर्च कुठे सुरू होतं ते कळतच नाही. पोपने पोर्तुगालच्या राजाला हक्कच दिला होता, बिशप राजाने सुचवायचा, पाद्र्यांचा खर्च राजाने करायचा. पैसा कुठून? देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. १५६७ ला साष्टीतली देवळं पाडली ती राशोलच्या किल्लेदाराने, म्हणजे सरकारी माणसाने. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, आपण आज तिथे दर्शनाला जातो तेव्हा हे मनात असायला हवं असं मला फार वाटतं.

से कॅथेड्रलच्या बाजूला इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या कोर्टाचा वाडा होता, त्याआधी तो आदिलशहाचा महाल. १५६० ला सुरू झालेलं ते कोर्ट मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. आता तिथे वाड्याचा मागमूस नाही, याचं वाईट वाटतं, निदान एक नीट फलक तरी हवा.

मग चढ चढून सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठाकडे गेलो. जांभ्याचा अर्धाच मनोरा उभा आहे, पावसाने काळा पडलेला, खाली भिंतींवर अजून निळ्या टाइल्सचे तुकडे दिसतात. गाइडने सांगितलं की १८४२ ला छत कोसळलं, बस. पण १८३५ ला सरकारनेच सगळे मठ बंद केले, साधूंना बाहेर काढलं, इमारत ओस पडली आणि मग ती कोसळली. तीनशे वर्षं राजाच्या पैशावर वाढलेले हे मठ सरकारच्या एका हुकुमाने संपले. ओल्ड गोव्याला गेलात तर बॉम जिझस बघून परत फिरू नका, इथेपण या.