दोनदा दिलेलं माप

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं मी भिंत धरून टाकायचे. टाचेच्या आतल्या बाजूला खिळा रुतावा तशी कळ यायची. थोडं चाललं की ओसरायची, पण बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. निदान झालं प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणारा तळव्याखालचा जाड पट्टा दुखावलेला. भरीला सपाट पाय, त्यामुळे चालताना घोटा आत कलायचा आणि गुडघाही कुरकुरायचा.

डॉक्टरांनी आधी तयार इनसोल, म्हणजे बुटात तळव्याखाली ठेवायचे आधार, वापरायला सांगितले. नुसत्या टाचदुखीला बरेचदा तेवढ्यावर भागतं म्हणाले. माझी टाच थोडी निवली, गुडघा मात्र ऐकेना. मग मापाचे करून घ्यायचं ठरलं.

पहिल्या ठिकाणी मऊ फोमच्या खोक्यात मला सरळ उभं केलं. दोन मिनिटांत काम झालं, मला कौतुकच वाटलं! इनसोल हातात आले तेव्हा कळलं की सगळा भार टाकल्यावर माझ्या तळव्याची कमान जशी बसते, तसाच बसका ठसा उमटला होता. दोष सावरायचा सोडून त्याचीच हुबेहूब नक्कल.

दुसऱ्या ठिकाणी आधी अनवाणी चालायला लावलं, पोटऱ्या किती ताठ आहेत ते पाहिलं, जुन्या बुटांचे तळ उलटून बघितले. मग पालथं झोपवून, पावलं कडेबाहेर ठेवून, घोट्याजवळचं हाड अंगठ्याने चाचपत पाऊल ना आत ना बाहेर असं धरलं आणि प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळली. घट्ट होताना ती चक्क कोमट लागते.

यातून आली ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची कडक जोडी, चवड्याच्या अलीकडेच संपणारी, टाचेखाली आतल्या बाजूने किंचित उंच. पहिल्या दिवशी फक्त 1 तास घालायची, मग रोज तासभर वाढवायचा. तिसऱ्या दिवशी तळव्याखाली लिंबू ठेवल्यासारखं वाटत होतं आणि पोटऱ्या भरून आल्या होत्या. हे चालतं म्हणे. पाचव्या दिवशी कमानीला फोड आला, ते मात्र चालत नाही. परत गेले, त्यांनी कड घासून दिली. अशा दोन फेऱ्या झाल्या.

बुटांचं कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बुटातला मूळ इनसोल काढून मगच हा बसवायचा. माझे बूट इतके उथळ की टाच वर येऊन निसटायची. शेवटी जोडी सोबत नेऊन, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, नवे बूट घेतले.

दीड महिन्याने भिंतीचा आधार सुटला. श्रेय सगळं इनसोलचं नाही, पोटऱ्यांना ताण देण्याचे व्यायामही रोज चालू होते. मध्ये वरचं कापड सुटलं तेवढं चिकटवून घेतलं. ती पहिली बसकी जोडी अजून कपाटात आहे. पैसे मोजलेत ना, टाकवत नाही.