दोन सैनिक, एकच निशाण

त्या दिवशी हातात आलेलं नाणं ‘अवाचनीय’ म्हणून बाजूला पडलेलं होतं. व्यास १५ मिलिमीटर, वजन १.६ ग्रॅम, वर मातीचा टणक थर. चौथ्या शतकातली रोमन बाजारातली ही चिल्लर.

ते आधी ऊर्ध्वपातित पाण्यात मुरवलं होतं. मग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बांबूच्या टोकदार काडीने थर सोडवायला घेतला. लिंबू किंवा व्हिनेगर इथे वापरूच नये. अशा नाण्यावरची अक्षरं पुष्कळदा मूळ धातूत उरलेली नसतात, ती गंजाच्या घट्ट पटलातच टिकून असतात. आम्लाने पटल गेलं की अक्षरंही गेली.

मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन सैनिक उमटले. आता प्रश्न त्यांच्यामधल्या लष्करी निशाणांचा. दोन असतील तर नाणं साधारण इ.स. ३३० ते ३३५ मधलं. पुढे वजन घटवलं तेव्हा निशाणही एकच राहिलं. इथे एकच होतं आणि वजनही त्याला जुळत होतं. खाली एस, एम, ए, एन आणि ग्रीक गॅमा: रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या अंतिओक शहराची टांकसाळ, तिसरा विभाग.

खरी कसोटी पुढच्या बाजूला. डोक्यावर पुष्पमुकुट नाही, राजपट्टा. लेखाच्या शेवटी ‘ऑगस्टस’ या सम्राटपदाचं लघुरूप. सम्राट कॉन्स्टंटाइनचे मुलगे ऑगस्टस झाले ९ सप्टेंबर ३३७ रोजी, म्हणजे नाणं त्यांच्यापैकी कोणाचं असेल तर त्यानंतरचं. पण कोणाचं? कॉन्स्टंटिनस (म्हणजे कॉन्स्टंटाइन) की कॉन्स्टंटियस, हे ‘टीआय’नंतर ‘एन’ आहे की नाही यावर ठरतं, आणि थर नेमका तिथेच सर्वांत चिवट! तिथे काडीही थांबवली, थेंबभर पाणी सोडून थर मऊ होऊ दिला. ‘टीआय’ला लागून थेट ‘व्ही’ दिसला. कॉन्स्टंटियस दुसरा. अंतिओकला हा छाप सुमारे ३४७ मध्ये बंद झाला, म्हणजे दहाएक वर्षांची चौकट मिळाली. इतक्या लहान नाण्याकडून याहून जास्त मागणं नाही.

काठावर मात्र फिकट हिरवी भुकटी होती: ब्राँझ डिसीज. आतल्या क्लोराइडला ओल आणि हवा मिळाली की आम्ल तयार होतं आणि ते पुन्हा धातू खातं. भुकटी सुईने कोरून काढली, ३ टक्के बेंझोट्रायझोल (गंज रोखणारं रसायन) घातलेल्या इथेनॉलमध्ये नाणं बुडवून ठेवलं (हातमोजे हवेतच, द्रव्य विषारी आहे). सुकल्यावर पॅरालॉइड या पारदर्शक कृत्रिम राळेचा पातळ लेप दिला आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डबीत ठेवलं. भुकटी परतली तर हेच सगळं पुन्हा करावं लागतं.