स्पिटफायरच्या बॉनेटखाली जिप्सीचे इंजिन

नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या आतोबांच्या बंगल्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, १९६६ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क-२ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार तब्बल २२ वर्षे उभी होती. इंग्लंडमधले वैद्यकीय शिक्षण आटोपून परतताना आतोबांनी ती सोबत आणली होती. एका मे महिन्यात वर्धा रोडवर इंजिन तापले, कुणीतरी घाईघाईने माठातले गार पाणी त्यात ओतले आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये तडकला. त्यानंतर ती गाडी हललीच नाही. आतोबा गेल्यावर आत्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एवढेच सांगितले की, ही भंगारात जाता कामा नये.

स्पिटफायर १९६२ साली बाजारात आली. जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेल्या या दोन आसनी गाडीच्या अंगाखाली ट्रायम्फ हेराल्डचेच पुष्कळसे यंत्र आहे. ती हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने बनवली होती, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे काही भाग आजही जुन्या साठ्यांतून मिळतात. हेराल्डचे ९४८ सीसीचे आणि स्पिटफायरचे ११४७ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले आहे. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची धाव, ७६ मिलिमीटर. फरक आहे तो बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा, ६३ आणि ६९.३ मिलिमीटर. म्हणजे हेराल्डचे इंजिन थोड्या जुळवाजुळवीने बसले असते, परंतु ६७ अश्वशक्तीच्या गाडीला त्याहून अशक्त इंजिन देणे माझ्या मनाला पटेना. ११४७ सीसीचा धड ब्लॉक दोन वर्षे शोधूनही मिळाला नाही. तेव्हा मारुती जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनाचा विचार पुढे आला आणि सैन्याच्या लिलावातून गेलेल्या एका जिप्सीचे इंजिन गिअरबॉक्ससकट हाती लागले.

ही निवड केवळ ८० अश्वशक्तीसाठी नव्हती. जिप्सीचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर बसते; त्याचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत; आणि त्याचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केसपासून, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागापासून, वेगळा असून दोन्ही एका आखूड शाफ्टने जोडलेले असतात. तो शाफ्ट आणि ट्रान्सफर केस बाजूला काढली की उरतो तो मागच्या चाकांना ताकद देणारा सरळ, पाच गिअरचा संच. मोठे इंजिन जुन्या इंजिनाहून हलके निघाले. ते बसवल्यावर गाडीचे नाक जवळजवळ अंगठाभर वर उचलले गेले आणि पुढच्या स्प्रिंगा पुन्हा निवडाव्या लागल्या.

काम सुरू करण्यापूर्वी मी मिस्त्रींसमोर एकच अट ठेवली : चॅसिसला गॅस कटर लागणार नाही. तडकलेला ब्लॉक तेल लावून पेटीत ठेवला आहे. उद्या योग्य ब्लॉक मिळाला तर एका आठवड्यात मूळ इंजिन परत बसले पाहिजे. या अटीने खर्च वाढला आणि वेळही गेला, तरी ती मोडावी असे मला एकदाही वाटले नाही. इंजिनाची फाउंडेशने चॅसिसवरच्या मूळ भोकांनाच बोल्टने बसतील अशा पट्ट्यांवर उभी केली. त्या पट्ट्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने तीनदा करून दिल्या. सम्प, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, चॅसिसच्या आडव्या पट्टीला अडत होता, म्हणून सम्पचाच आकार बदलला आणि तेल ओढणारी नळी त्यानुसार हलवली. स्पिटफायरमध्ये गिअरबॉक्सवरचे आच्छादन आतून काढता येते, हे आमचे भाग्य. मूळ आच्छादन जपून ठेवले आणि थोडे रुंद असे नवे फायबरचे केले. वेगमापकाने मात्र अनपेक्षित अडचण उभी केली, कारण जिप्सीत त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते आणि तीच आम्ही काढून टाकली होती.

विजेचे काम मला सर्वांत अवघड गेले. या काळातल्या स्पिटफायरमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तर जिप्सीच्या इंधन-इंजेक्शनच्या संगणकाला ऋण टोकाचे अर्थिंग लागते. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, जुन्या तारा बाजूला ठेवून नव्या ओढल्या आणि रबरी पेट्रोल नळ्या सगळ्या बदलल्या, कारण २० टक्के इथेनॉल मिसळलेले आजचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू झाले त्या दिवशी आम्ही सगळे आनंदात होतो, फक्त मिस्त्री रेडिएटरकडे पाहत होते. ते म्हणाले, "भाऊ, इंजिन तं बसलं जी, पण एवढी गरमी जाईन कुठं?" नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बाहेरची हवाच इतकी तापलेली असताना रेडिएटर उष्णता देणार तरी कुणाला? जुन्याच रेडिएटरमध्ये जाड जाळी बसवून घेतली, विजेवर चालणारा पंखा लावला, तरीही तापमानाचा काटा चढतच राहिला. दोष पुढे सापडला तो वेगळाच. कारखान्यातून येताना रेडिएटरच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याचे आडोसे असतात. ते आमच्या गाडीतून कधीच नाहीसे झाले होते. आत येणारी हवा जाळीतून न जाता बाजूच्या फटींतून सुटत होती, कारण हवाही पाण्यासारखीच सोपी वाट धरते. पातळ पत्र्याचे आडोसे करून त्या फटी बंद केल्यावर काटा लक्षणीय उतरला. उरलेली तक्रार हवेच्या बुडबुड्यांची होती : स्पिटफायरचे नाक उतरते असल्याने रेडिएटर इंजिनाच्या हेडपेक्षा खाली बसतो आणि हवा वरच अडकते. संपूर्ण यंत्रणेतल्या सर्वांत उंच जागी एक लहान टाकी बसवल्यावर तीही मिटली. आता त्यात बोअरवेलचे पाणी कधीही घालत नाही. केवळ कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

पुढच्या चाकांचे पितळी ट्रनियन, म्हणजे ज्या सांध्यांवर ती चाके वळतात ते, उघडले तेव्हा मला खरी धास्ती बसली. त्यांत गिअरचे घट्ट तेल भरायचे असते. आमच्या गाडीत वर्षानुवर्षे ग्रीस भरले गेले होते आणि आटे गंजून अर्धे झाले होते. तो भाग तुटला असता तर चाक चालत्या गाडीखाली दुमडले असते. इंजिन बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी हे उघडून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ही गाडी मी सार्वजनिक रस्त्यावर आणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळतो, मात्र गाडी मूळ रूपात असावी लागते. मूळ ब्लॉकची ती पेटी जपण्याचे हेही एक कारण आहे. तोवर ट्रकवर चढवून गाडी काटोलजवळ चुलतभावाच्या संत्र्याच्या बागेत नेतो आणि बागेभोवतीच्या खासगी रस्त्यावर चालवतो.

तिथेच मागच्या चाकांचा स्वभाव कळला. मागचा आडवा कमानपाटा मधोमध घट्ट बांधलेला आहे आणि अर्ध-ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना फिरवणारे दांडे, आतल्या टोकाशी झुलतात. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग वर उचलला जातो आणि बाहेरचे चाक आत दुमडू लागते. वाढलेल्या ताकदीने हा दोष अधिक लवकर समोर येतो. ट्रायम्फने १९७० च्या मार्क-४ मध्ये मध्यभागी झुलणारा पाटा देऊन त्यावर उपाय केला. तो पाटा माझ्या गाडीवरही बोल्टनेच, काहीही न कापता, बसतो. दिवाळीनंतर ते काम हाती घेणार आहे. तोपर्यंत बागेच्या कोपऱ्यावरच्या वळणाआधीच मी वेग उतरवतो आणि वळणात पाय स्थिर ठेवतो.