वास कोणालाच येत नव्हता

पारोळ्याकडचे एक जिभाऊ, पन्नाशीतले, ओपीडीत आले आणि खुर्ची उचलून थेट खिडकीपाशी जाऊन बसले. म्हटलं जिभाऊ जवळ या ना, तर म्हणे, "मना आंगना वास ई ऱ्हायना, तुमले येत नई का?" (माझ्या अंगाचा वास येतोय, तुम्हाला येत नाही का?) खरं सांगते, मी हुंगून पाहिलं. वास फक्त साबणाचा होता, बोटांची पेरं धुऊन धुऊन भेगाळलेली.

वहिनी सांगत होत्या की आधी उंदीर मेला असेल म्हणून धान्याच्या कोठ्या हलवल्या, मोरी उकरली, भगत झाला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाक साफ आहे सांगितलं, मग हे म्हणायला लागले माझं पोटच आतून सडतंय आणि जेवण सोडलं. पण झोपेचं कोणीच विचारलं नव्हतं! पहाटे तीनला जाग, कापूस वेचायचा राहिला तरी काही वाटत नाही, आणि पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताचा वास, तो मात्र येत नाही. नसलेला येतो, असलेला येत नाही.

डिप्रेशन फार खोल गेलं की असे भास होऊ शकतात, आणि ते बहुतेक सडण्या-कुजण्याचेच असतात. डोळ्या-कानाची खबर मेंदूत थॅलॅमस या मधल्या ठाण्यामार्गे जाते, वासाची मात्र जवळपास थेट अमिग्डालापर्यंत, जिथे भीती जागी होते. आणि "वास नाहीये हो" असं समजावून काही उपयोग नसतो, त्यांच्यासाठी तो असतोच. फिट्सचा एक प्रकार किंवा मेंदूतली गाठ यातही खोटे वास येतात, त्यामुळे मानसोपचार डॉक्टरांनी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि एमआरआय करायला सांगितलं. दोन्ही नॉर्मल आले.

मी सरळच विचारलं, जिभाऊ, मरायचं मनात येतं का? बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग होकारार्थी मान हलवली. फवारणीचं औषध घरातच होतं, खाटेखाली. त्याच दिवशी वहिनींच्या भावाला फोन लावून ते त्याच्याकडे हलवायला लावलं, केसपेपरच्या मागे टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 लिहून दिला. डिप्रेशनची गोळी आणि भासांची गोळी, दोन्ही सोबत सुरू झाल्या.

सहाव्या आठवड्यात वास "कधीमधी" वर आला, भाकरी अर्धीची दीड झाली. खुर्ची अजून खिडकीपाशीच असते, पण परवा स्वतःहून म्हणाले की शेजारी कोणीतरी मिरच्या तळत होतं, ठसका लागला. वहिनी हळूच विचारत होत्या, ताई, ते फवारणीचं आता आणू का परत? म्हटलं नाही, अजून भावाकडेच राहू द्या.