माळेतही दिवे लुकलुकतातच की!

घरी येणारे निम्मे लोक शोकेसमधली काळी गाडी बघतात आणि एकच प्रश्न विचारतात. ‘दिवाळीच्या माळेतले दिवे पण असेच पळतात, मग याला तुम्हाला महिनाभर का लागला?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

गाडी ‘नाइट रायडर’मधली. 1982 सालची अमेरिकन मालिका, त्यातली बोलणारी पाँटियाक ट्रान्स ॲम. तिच्या नाकावर तांबडा उजेड इकडून तिकडे फिरतो. ही कल्पना निर्माते ग्लेन लार्सन यांनी 1978 मध्येच ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’तल्या यंत्रमानवांच्या डोळ्यात वापरली होती, म्हणून हौशी मंडळी या सर्किटला आजही ‘लार्सन स्कॅनर’ म्हणतात.

दिवा फिरवणं हे तासाभराचं काम आहे. 555 ही आयसी, म्हणजे चिप, टिकटिक करते, 4017 ही दुसरी चिप ती टिकटिक मोजते आणि दर टिकटिकीला पुढची वाट चालू करते. 555 ला 1 के आणि 6.8 के हे रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम) आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, लावला की सेकंदाला साधारण दहा टिचक्या पडतात. 4017 ला बाहेर पडायच्या वाटा दहा. सहा दिवे घेतले तर जाताना सहा आणि येताना मधले चार, हिशेब बरोबर दहावर मिटतो. आठ दिव्यांना चौदा पायऱ्या लागतात, तिथे एक आयसी पुरत नाही. मी सहावरच थांबलो, कारण माझ्या गाडीचं नाक तीन बोटंही रुंद नाही.

मग महिना कुठे गेला? उजेडाच्या शेपटीत.

मूळ गाडीत तारेचे बल्ब होते. बल्बची तार एकदम विझत नाही, निवता निवता मंद होते. त्यामुळे पुढचा दिवा लागला तरी मागचे दोन धुगधुगत असतात, आणि उजेड शेपटी ओढत सरपटल्यासारखा दिसतो. एलईडी मात्र क्षणात विझतो. माझं पहिलं सर्किट तर लग्नाच्या मांडवातली रोषणाई वाटत होतं, टकटक टकटक. म्हणजे माळेची उपमा तुमच्या आधी मलाच सुचली होती!

उपाय म्हणजे प्रत्येक दिव्यामागे एक बीसी 547 ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसवर, म्हणजे दिव्याचा उजेड ठरवणाऱ्या पायावर, 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शेजारी 10 के चा रेझिस्टर. पाळी आली की कपॅसिटर भरतो, पाळी गेली की हळूहळू रिकामा होतो, आणि दिवा त्याच्याबरोबर मावळतो. नुसते दिवे फिरवायला आठ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) पुरतात, कारण मधल्या चार दिव्यांना दोन-दोन वाटा येतात, टोकाच्या दिव्यांना एकेकच. शेपटी हवी असेल तर मात्र दहाही लावावे लागतात. नाहीतर आयसी स्वतःच कपॅसिटर रिकामा करून टाकते. हे कळायला मला एक रविवार लागला.

दुसरा रविवार याहून विचित्र गेला. सगळं जोडलं, दिवे पळाले, आणि मी हात जवळ नेला की वेड्यासारखे उड्या मारायला लागले. हात लांब केला की शहाणे. बायको म्हणाली, ‘अहो, तुम्हाला घाबरतात.’ दोष होता 4017 च्या 13 आणि 15 नंबरच्या पायांचा. ते मी मोकळेच सोडले होते. मोकळा पाय हवेतलं काहीबाही पकडतो. दोन्ही ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या उणे बाजूला, जोडले आणि भूत उतरलं.

उरलेला वेळ शेपटीची लांबी ठरवण्यात गेला. 22 च्या जागी 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर सगळी पट्टीच लाल राहते, 4.7 चा लावला तर पुन्हा मांडव. टॉर्चचा जुना बल्ब शेजारी ठेवून, खोलीत अंधार करून, दोघांना एकदमच बंद करत बसायचो.

आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डावर, हे दहा-वीस ओळींत होतं, हेही खरं. पण तिथे उजेड सरळ हिशेबानं कमी केला तर डोळ्याला तो शेवटी धपकन पडल्यासारखा वाटतो. मग त्यालाही वक्र हिशेब शिकवावा लागतो. कपॅसिटरला शिकवावं लागत नाही. शिवाय मला सोल्डरचा वास आवडतो, याला काही इलाज नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, ‘मला एक करून द्याल का?’ नाही. सामान आणा, शेजारी बसतो. पण 4017 चे पाय ओळीनं धरू नका: पहिला दिवा तीनवर, दुसरा दोनवर, तिसरा चारवर, चौथा सातवर. आणि 13 नि 15 आधी ग्राउंडला.