तुम्ही विचारलंत म्हणून : आधी दाणा, मग आंबटगोड

घरी जेवून गेलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस मला दोन प्रश्न विचारतं. पहिला, ‘वहिनी, बेक्ड बीन्सचा डबा कॉलेज रोडवर कुठेही मिळतो, तुम्ही अर्धा दिवस घालवून ते घरी का करता?’ (बेक्ड बीन्स म्हणजे आंबटगोड सॉसमध्ये ओव्हनमध्ये मंद शिजवलेला घेवडा.) आणि दुसरा, ‘आम्ही केले तेव्हा दाणा एकतर कचकचीत राहिला, नाहीतर त्याचं पिठलं झालं. तुमचा अख्खा राहूनही इतका मऊ कसा?’ पहिल्याचं उत्तर थोडक्यात देते, कारण खरं सांगण्यासारखं सगळं दुसऱ्यात आहे.

डब्यातल्या दाण्याला भट्टीची धग लागलेली नसते. तो अर्धवट शिजवून सॉसबरोबर डब्यात भरतात, डबा बंद करतात आणि मग बंद डब्यालाच दाबाखालची वाफ देतात. शिजतो उत्तम, पण सगळा ओलाव्यात. घरी ओव्हनमध्ये भांडं दोन-तीन तास ठेवलं की वरचा थर सुकत जातो, कडेला साखर तांबूस होते, सॉस आटून दाण्याला चिकटतो. ती कडेची खरपूस साय डब्यात सापडणं शक्य नाही. मला तीच हवी असते, म्हणून मी घरी करते.

आता दाण्याकडे वळू.

इंग्लंड-अमेरिकेत यासाठी वाटाण्याएवढा छोटा पांढरा घेवडा वापरतात. आपल्याकडे पांढरा राजमा म्हणून जो मिळतो तो त्याच जातकुळीतला, आकाराने जरा थोराड. नाशकात रविवार कारंजाकडे धान्याच्या दुकानात मागा आणि त्यातल्या त्यात बारीक दाणा निवडा. चवळी चालेल का, असं हमखास विचारतात. चवळी वेगळी. तिची साल पातळ असते, दोन तास ओव्हनमध्ये ती टिकत नाही. त्यापेक्षा साताऱ्याकडचा, कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर जरूर आणा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अंगावरचे तांबडे पट्टे शिजताना नाहीसे होतात आणि सॉसला काळपट रंग येतो, पण चव अशी मातीची, भरीव असते की पाहुणे परके असतील तर मी पांढरा राजमा वापरते आणि घरचेच असतील तर वाघ्या.

कुठलाही घ्या, पण यंदाचा घ्या. उकाड्यात आणि दमटपणात वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेला दाणा आतून असा घट्ट होतो की मग त्याला कितीही शिट्ट्या दिल्या तरी तो नमत नाही. अशा दाण्याला दुकानदार काही करू शकत नाही आणि तुम्हीही नाही. म्हणून ज्याच्याकडे माल भराभर खपतो त्याच्याकडूनच मी राजमा घेते.

पाव किलो दाणा रात्रभर भिजवायचा आणि भिजवणाच्या पाण्यात मीठ घालायचं, लिटरला एक मोठा चमचा. मिठाने कडधान्य कडक होतं असं आपल्या आया-आज्या सांगत आल्या, आणि मी त्यांच्या सांगण्याला सहसा आडवी जात नाही, पण इथे उलटं घडतं. दाण्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने एकमेकींना धरून असतात आणि ती पकड कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे घट्ट होते. मिठातलं सोडियम सालीत शिरून त्यांची जागा घेतं, साल सैल पडते, आणि शिजताना फुटायच्या ऐवजी दाण्याबरोबर ताणली जाते. एप्रिल-मे असेल तर पातेलं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी फेस आलेला असतो.

सकाळी ते पाणी ओतून द्या. पोटात वायू धरणाऱ्या साखरेचा काही भाग त्याबरोबर जातो. शिजवायला नवं पाणी घ्या, आणि इथे नाशिककरांना वेगळं सांगते. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असेल तर काही अडचण नाही. पण ज्या सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं तिथे डाळसुद्धा लवकर शिजत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या पाण्यातलं कॅल्शियमच दाण्याची पकड आणखी आवळतं. पिण्याचं पाणी घ्या. खायचा सोडा घालू नका. त्याने साल विरघळते, दाण्याला साबणासारखी चव येते आणि त्यातलं बी-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं.

यानंतरची गोष्ट चवीची नाही, जिवाची आहे. राजम्याच्या कुळातल्या दाण्यांत एक लेक्टिन, म्हणजे विषारी प्रथिन, असतं. लाल राजम्यात सर्वांत जास्त, पांढऱ्यात कमी, पण असतं. दाणा अर्धाकच्चा राहिला तर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. खळखळत्या उकळीत किमान दहा मिनिटं ठेवलं की ते निकामी होतं. कमी तापमानावर तासन्‌तास ठेवून होत नाही. म्हणून भिजवलेला दाणा थेट मंद ओव्हनमध्ये किंवा स्लो कुकरमध्ये कधीही घालू नका. आधी मोठ्या आचेवर उकळी, मगच बाकी सगळं. प्रेशर कुकरमध्ये तापमान उकळीच्याही वर जातं, त्यामुळे तिथे ही भीती नाही. मी एक शिट्टी काढून गॅस बारीक करते, आठ-दहा मिनिटांनी बंद करते आणि वाफ आपोआप जिरू देते. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि दाणे फुटतात.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? चमच्यात चार दाणे घ्या आणि फुंकर मारा. साल सुटून वळली पाहिजे. मग एक दाणा बोटांत दाबा, तो मधल्या गाठीशिवाय दबला पाहिजे. चारही दाणे तसे निघेपर्यंत पुढे जायचं नाही.

एवढं बजावून सांगते, कारण माझं सगळं उत्तर इथेच आहे. टोमॅटो, चिंच, गूळ यांतलं काहीही दाणा पूर्ण शिजायच्या आधी पडलं की तो तिथेच थांबतो. आंबटपणामुळे पेशींची पकड सुटत नाही. गोडामुळे आतला पिठूळपणा फुगायचा थांबतो. त्यात गूळ करताना उसाचा रस निवळायला चुना घालतात, तेव्हा कॅल्शियमही आलं. बहुतेकांचा दाणा कचकचीत राहतो तो सगळं एकदम कुकरमध्ये टाकल्यामुळे. आणि गंमत पाहा, जे आंबटगोड आधी वैरी असतं तेच नंतर राखणदार होतं. मऊ झालेल्या दाण्यावर ते घातलं की दाणा आणखी मऊ होत नाही, म्हणून दोन-तीन तास ओव्हनमध्ये राहूनही त्याचं पिठलं होत नाही.

अमेरिकेत बॉस्टनकडच्या बायकांना हे जुन्या काळापासून हातानं माहीत होतं. रविवार हा त्यांचा पाळायचा दिवस, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून शनिवारी मातीच्या पोटफुगऱ्या भांड्यात घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस आणि उसाची मळी घालून ते मंद धगीवर ठेवायचं, रात्री खायचं आणि उरलेलं रविवारी सकाळी. काही जणी भांडं गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या भट्टीत ठेवायला देत. आपण दिवाळीआधी नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत जायचो, अगदी तसंच. ती मळी कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून यायची आणि तिथे गुलामांना राबवलं जायचं, हेही या पदार्थाबरोबर लक्षात ठेवायला हवं. टोमॅटोचा सॉस इंग्लंडात जास्त रुळला. हाइन्झ या अमेरिकी कंपनीचे डबे १८८६ मध्ये लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात विकायला आले तेव्हा ती चैनीची वस्तू होती. मांसाचा तुकडा त्यातून गेला तो दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगमध्ये.

मळीच्या जागी मी काकवी घालते. ऊस आपला, गुऱ्हाळ आपलं, आणि मळीचा कडवटपणा नसला तरी खोली तीच. काकवी नसेल तर काळा गूळ. पाव किलो दाण्याला तीन मोठे चमचे पुरतात.

टोमॅटोसाठी मात्र नाशिकमध्ये राहणं हे भाग्यच. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, सगळीकडे पावसाळ्यापासून थंडीपर्यंत टोमॅटोच टोमॅटो. २० किलोच्या कॅरेटचा भाव कधी हजारावर जातो आणि कधी तोडणीची मजुरीही सुटत नाही, मग लाल चिखल रस्त्याच्या कडेला ओतलेला दिसतो. ते पाहवत नाही. अशा आठवड्यात मी ओळखीच्या शेतकऱ्याकडून कॅरेट आणते, भावात घासाघीस करत नाही, आणि त्याचा गर आटवून ठेवते. लांबच्या प्रवासासाठी पिकवलेला हा टोमॅटो जाड पाठीचा असतो. कोशिंबिरीत तो मला आवडत नाही, पण गराला तोच बरा, कारण पाणी कमी निघतं.

अर्धा किलो टोमॅटोची सालं काढून गर करा. दोन मोठे चमचे तेलात किंवा लोण्यात एक मोठा कांदा तांबूस परता, त्यात दोन लवंगा, तमालपत्र आणि गर घालून तेल सुटेपर्यंत आटवा. मग काकवी, चमचाभर मोहरीची पूड, तेवढाच चिंचेचा कोळ, तिखट, मीठ. यात शिजलेला दाणा मिसळा. दाणा शिजवलेलं पाणी टाकू नका, तेच घालून दाण्यांवर बोटाचं एक पेर पाणी राहील असं बघा. झाकण लावून १५० अंश सेल्सिअसला दोन तास, मग झाकण काढून अर्धा तास. मधे सुकलं तर गरम पाणी घाला, गार नको. ओव्हन तापलाच आहे तर कोपऱ्यात रताळी आणि लसणाचा गड्डा ठेवून द्या, वीज वाया जात नाही.

मांस नसल्याने धुराची चव राहून जाते. त्याला आपल्याकडे धुंगार आहेच. भांडं बाहेर काढलं की मधोमध वाटीत पेटता कोळसा, त्यावर तूप, पाच मिनिटं झाकण.

ओव्हन नसलेल्यांनी जाड बुडाचं भांडं तव्यावर ठेवून अगदी बारीक आच द्यावी. गावाकडे चूल असेल तर खाली निखारे आणि जड झाकणावरही निखारे. माझ्या मते ती चव ओव्हनपेक्षा सरस येते.

भाचा मँचेस्टरला शिकून आला, त्याला मात्र डब्यासारखेच हवे असतात. त्याच्यासाठी मोहरी, चिंच आणि धुंगार वगळते, काकवीऐवजी साखर घालते, सॉस गाळून घेते आणि पाण्यात कालवलेलं थोडं कॉर्नफ्लॉवर लावून अर्ध्या तासातच बाहेर काढते. तो ब्रेडवर घेऊन खातो. आम्ही बाकीचे, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा.

आणि एक विनंती. लोणच्यासारखे हे बरणीत भरून फडताळात ठेवू नका. लोणच्याला मीठ, तेल आणि आंबटपणा सांभाळतो, इथे तेवढं काहीच नाही. बंद बरणीत हवा नसते, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या, जीवघेणं विष तयार करणाऱ्या जीवाणूला तेच हवं असतं. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, कारखान्यात त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापमान द्यावं लागतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त हवे असतील तर फ्रीझरमध्ये. डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर सॉस फुगतो.