केबलसोबत सान फेर्नांदोला

दक्षिण स्पेनमध्ये सेव्हियाहून कादिझकडे जाणारी गाडी पुएर्तो रियाल सोडते आणि मिठागरं सुरू होतात. भांडुप-मुलुंडची आठवण यावी अशीच, फक्त मागे टॉवर नाहीत. माझं अर्धं लक्ष मात्र चाकांच्या पेटीकडे. आत एक जीपीएस रिसीव्हर, एक अँटेना आणि ५० मीटर केबलचं वेटोळं. विमानतळावर "हे काय?" असं विचारल्यावर मी "घड्याळं जुळवायचं सामान" असं खरं खरं सांगून बसलो. मग पेटी पूर्ण उघडावी लागली.

मुक्काम होता सान फेर्नांदोच्या नौदल वेधशाळेत. १७५३ साली कादिझमध्ये सुरू झालेली ही वेधशाळा १७९८ साली इथल्या टेकडीवर आली. एकेकाळी जहाजांची क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळं, इथे तपासली जात. आज स्पेनची अधिकृत वेळ इथूनच ठरते. मी काम करतो ती ब्राउनश्वाइगची पीटीबी, म्हणजे जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था, तिकडची वेळ सांभाळते. मध्ये दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर.

दोन्हीकडच्या घड्याळांची तुलना करायची युक्ती साधी आहे. दोघांनी एकाच वेळी एकाच उपग्रहाकडे बघायचं, त्याच्या घड्याळाशी आपापला फरक नोंदवायचा आणि नोंदींची वजाबाकी करायची. उपग्रहाच्या घड्याळाची चूक गळून पडते. एक नोंद १३ मिनिटांची, दर १६ मिनिटांनी नवी. घोळ आहे तो सिग्नल छतावरच्या अँटेनातून खाली येताना. केबलच्या प्रत्येक मीटरला सिग्नल साधारण ५ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) खातो, म्हणजे ५० मीटरला २५०. शिवाय अँटेना आणि रिसीव्हर यांचा उशीर वेगळाच. तो नेमका माहीत नसेल तर आपण घड्याळांची नाही, वायरींची तुलना करत बसतो. म्हणून हा फिरता रिसीव्हर आठवडाभर आमच्या रिसीव्हरशेजारी लावायचा, मग त्यांच्या, प्रत्येक ठिकाणी दोघांना एकाच घड्याळावर. १९६० च्या दशकात सिझियमचं अणुघड्याळच विमानातून फिरवत. आता घड्याळ घरी, केबल प्रवासाला.

पहिल्या रात्री दोन रिसीव्हरांमधल्या फरकाचा आकडा मागच्या खेपेपेक्षा ३ नॅनोसेकंदांनी सरकलेला. सकाळी छतावर चढलो, कनेक्टर पुन्हा आवळले, अँटेना पुसली. काही फरक नाही. शेवटी पेटीच्या तळाशी उत्तर सापडलं: दर सेकंदाचा ठोका रिसीव्हरपर्यंत नेणारी, मोजून आणलेली छोटी केबल तिथेच पडली होती. मी घाईत लावलेली दुसरी ६० सेंटिमीटरने लांब. तिथल्या सहकाऱ्याने काही न बोलता मला जेवायला नेलं. तोर्तियितास दे कामारोनेस! गव्हाच्या पिठात चण्याचं पीठ, त्यात सालासकट बारीक कोळंबी. थेट जवळ्याची भजी.

तेव्हा दुपारचे जवळजवळ अडीच वाजले होते आणि सूर्य आत्ता कुठे डोक्यावर आला होता. बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही स्पेन १९४० पासून मध्य युरोपची वेळ पाळतो, त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास. नॅनोसेकंदासाठी छतावर चढणाऱ्यांच्या गावात उन्हाळ्यात मध्यान्ह सव्वादोननंतर होते, आणि याचं कुणालाच काही वाटत नाही.

परतल्यावर रिसीव्हर पुन्हा आठवडाभर आमच्या शेजारी लावला. जाण्यापूर्वीचा आणि आल्यावरचा आकडा अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत जुळला. लांब केबलला आता मी लाल चिकटपट्टी लावली आहे.